पेशीही दारं धरते

तुमच्यापैकी किती जणींनी रात्री दारं धरली आहेत? ऐकणाऱ्या निम्म्या तरी हात वर करतील. रात्री अकराला वीज येणार, मोटर सुरू होणार, पाटाला पाणी सुटणार. मग हातात बॅटरी, खांद्यावर खोरं घेऊन बांधावर उभं राहायचं. एक सरी भरली की तिचं दार मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. डुलकी लागली तर एक सरी तुंबते आणि दुसरी कोरडी राहते. पाणी तेच, विहीर तीच, पण पीक येतं ते दारं धरणाऱ्याच्या नजरेवर.

आज मी तुम्हाला सांगणार आहे की आपल्या अंगातली एकूण एक पेशी रात्रंदिवस अशीच दारं धरत असते. तिच्या दारातून पाणी नाही, तर पोटॅशियम वाहतं. हा विषय का घेतला? हरतालिका तोंडावर आली आहे, मागोमाग नवरात्र. गटाच्या प्रत्येक बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "ताई, शुगरची गोळी उपासाला घ्यायची का?" याचं उत्तर डॉक्टरांनीच द्यायचं. पण ते असं का सांगतात, हे कुणी समजावत नाही. आणि 'का' कळलं नाही की सूचना कानावरून जाते. हा 'का' पोटॅशियमच्या एका दारापाशी आहे. मी बी.ए. झाले तेही इतिहास घेऊन, विज्ञान दहावीलाच सुटलं. त्यामुळे मला जसं वाचून समजलं तसंच सांगते, अवघड शब्द कमीत कमी.

पोटॅशियम म्हणजे मिठातल्या सोडियमचा चुलतभाऊ म्हणा. केळं, बटाटा, शहाळं, डाळी, पालेभाज्या, सगळ्यांत ते असतं. अंगात गेलं की ते बहुतेक पेशींच्या आत राहतं. सोडियमचं उलट, ते बाहेर राहतं. आकड्यात सांगायचं तर पेशीच्या आत पोटॅशियम साधारण १४० आणि बाहेर रक्तात जेमतेम ४. रक्ताच्या रिपोर्टवर तुम्ही ३.५ ते ५ असं पाहिलं असेल, ते हेच बाहेरचं.

आता एवढा फरक आपोआप राहील का? विहिरीतलं पाणी आपणहून टाकीत चढत नाही, मोटर लागते. पेशीच्या भिंतीत तसे पंप आहेत. एका फेरीत ते तीन सोडियम बाहेर काढतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. ही मोटर कधी बंद होत नाही, आपण झोपलो तरी. म्हणजे पोटॅशियमची टाकी सदैव भरलेली असते आणि त्याला बाहेर पडायची ओढ असते. भिंतीत त्याच्यासाठी खास दारं आहेत. दार उघडलं की ते बाहेर जातं. पोटॅशियमच्या कणावर विजेचा अधिक भार असतो, त्यामुळे तो बाहेर गेला की पेशीची आतली बाजू उणे होते. बहुतेक मज्जापेशींत आणि स्वादुपिंडाच्या पेशींत हा फरक सत्तर मिलिव्होल्टच्या आसपास असतो. बॅटरीतला एक सेल दीड व्होल्टचा असतो, त्याच्या विसाव्या भागाएवढा. कमी वाटतो ना? पण मेंदूचा विचार, हृदयाचा ठोका, हाताची मूठ, सगळं याच विजेवर चालतं.

इथे मला एक गोष्ट फार चकित करून गेली. सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान असतो. मग पोटॅशियमच्या दारातून सोडियम सहज निसटायला हवा. मोठा जातो तिथून लहान का नाही जाणार? आपल्या चाळणीचा नियम तर हाच आहे. पण हे दार सोडियमला अडवतं आणि पोटॅशियमला मात्र सेकंदाला काही कोटींच्या वेगानं सोडतं. ही दारं सोडियमच्या मानानं पोटॅशियमला हजारो पटींनी अधिक पसंती देतात. हे कोडं पुष्कळ वर्षं सुटत नव्हतं. अमेरिकेतले रॉडरिक मॅकिनन मूळचे डॉक्टर. त्यांनी १९९८ मध्ये मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचं पोटॅशियमचं दार घेतलं, क्ष-किरणांनी त्याचा अणू अन् अणू पाहिला आणि उत्तर सापडलं. त्याबद्दल त्यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पीटर आग्रे यांच्याबरोबर. आग्रे यांनी पेशीतल्या पाण्याची दारं शोधली होती.

उत्तर असं. अंगातला प्रत्येक कण पाण्याच्या रेणूंचा शालू पांघरून फिरतो. अरुंद दारातून जायचं तर तो शालू उतरवावा लागतो, आणि कुणीही तो फुकट उतरवत नाही. पोटॅशियमच्या दाराच्या आत ऑक्सिजनचे अणू अशा बेतानं बसवलेले आहेत की उघड्या पोटॅशियमला ते पाण्यासारखंच सगळीकडून धरतात. त्याला वाटतं शालू अजून अंगावरच आहे, म्हणून तो बिनधास्त आत शिरतो. सोडियम लहान पडतो. त्या अणूंपर्यंत त्याचं अंग पोचत नाही, ते त्याला सैल होतं. दुसऱ्याच्या मापाचा ब्लाऊज अंगात जातो, पण बसत नाही, तसं. म्हणून सोडियम आपला पाण्याचा शालू सोडत नाही आणि शालूसकट तो दारात मावत नाही.

कोण जाणार हे असं ठरतं. आता महत्त्वाचं, दार कधी उघडणार आणि कधी बंद होणार, हे कोण ठरवतं? इथे पोटॅशियमच्या दारांच्या अनेक जाती आहेत. माणसाच्या अंगात अशी दारं बनवणारी सत्तराहून अधिक जनुकं आहेत आणि प्रत्येक जातीचा हुकूम वेगळा.

काही दारं विजेचा हुकूम मानतात. मज्जातंतूतून संदेश धावला की आतली बाजू क्षणभर अधिक होते, ते पाहून ही दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर सोडतात आणि तंतू पुन्हा पूर्ववत होतो. अशा दाराचं जनुक पहिल्यांदा सापडलं ते एका फळमाशीत, १९८७ च्या सुमारास. त्या माशीला ईथरनं बेशुद्ध केलं की तिचे पाय थरथरत राहायचे, कारण तिचं हे दार बिघडलेलं होतं. यातल्या काही दारांना आतून एक बोळा बांधलेला असतो, दाव्याला बांधल्यासारखा. दार उघडल्यावर क्षणभरात तो बोळा येऊन तोंडाशी बसतो. सरीचं दार आपण ढेकळानं बुजवतो की नाही, अगदी तसं!

काही दारं कॅल्शियम वाढलं की उघडतात. रक्तवाहिन्यांच्या स्नायूत ही असतात आणि वाहिनी सैल करायला मदत करतात. हृदयात प्रत्येक ठोक्यानंतर पोटॅशियमची दारं उघडून पेशीला पुढच्या ठोक्यासाठी तयार करतात. एखाद्या औषधानं हे हृदयाचं दार अडलं तर ठोके बेताल होऊन जीव जाऊ शकतो. टर्फेनाडिन नावाची ॲलर्जीची गोळी होती, ती याच कारणानं १९९० च्या दशकाअखेरीस अमेरिकेच्या बाजारातून गेली. आता नवं औषध माणसाला देण्याआधी ते या दाराला अडवतं का, हे तपासलं जातं. यावर वेगळं बोलता येईल, पण आज आपल्याला स्वादुपिंडाकडे जायचं आहे.

पोटाच्या मागच्या बाजूला स्वादुपिंड आहे. त्यात बीटा पेशी नावाच्या पेशी आहेत, त्या इन्सुलिन बनवून पुड्या बांधून ठेवतात. रक्तात साखर वाढली की पुड्या सोडायच्या, कमी झाली की थांबायचं. पण पेशीला साखर मोजता कशी येते? तिच्याकडे ग्लुकोमीटर नाही.

ती मोजते आपल्या पेटीतली रोकड. साखर पेशीत शिरते, जळते आणि तिच्यापासून एटीपी नावाचा पदार्थ बनतो. एटीपी म्हणजे पेशीचा रोख पैसा, प्रत्येक कामाला तोच मोजावा लागतो. तो खर्च झाला की त्याचा एडीपी होतो. एडीपी म्हणजे पैसे गेल्यावर हातात उरलेली पावती समजा. बीटा पेशीच्या भिंतीत पोटॅशियमचं एक खास दार आहे, ते या दोघांवर नजर ठेवून असतं. पेटीत रोकड कमी आणि पावत्या जास्त, म्हणजे साखर कमी. अशा वेळी दार उघडं राहतं. जेवण झालं, साखर आली, रोकड वाढली, की एटीपी येऊन दाराला चिकटतो आणि दार बंद होतं. आपल्या गटाच्या खजिनदारासारखंच आहे हे. पेटीतली शिल्लक पाहिल्याशिवाय ती कर्जाला हो म्हणत नाही.

दार बंद झाल्यावर काय होतं तेही ऐका, गंमत तिथेच आहे. पोटॅशियम बाहेर जायचं थांबलं, म्हणून आतला उणेपणा कमी होऊ लागला. भिंतीत शेजारीच कॅल्शियमची दारं आहेत, ती विजेचा हुकूम मानतात. उणेपणा पुरेसा कमी झाला की ती उघडतात. कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या पुड्या भिंतीला भिडून बाहेर फुटतात. साखर, रोकड, पोटॅशियमचं दार, कॅल्शियमचं दार, इन्सुलिन. एक सरी भरली की पुढची, तशी ही ओळ आहे.

असं दार आहे हे पहिल्यांदा जपानच्या अकिनोरी नोमा यांना हृदयाच्या पेशीत दिसलं, १९८३ मध्ये. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रान्सेस ॲशक्रॉफ्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं की बीटा पेशीतलं असं दार साखर दिल्यावर बंद होतं. एका बाईनं लावलेला हा शोध आहे, हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या मुलींना शास्त्रज्ञ म्हटलं की दाढीवाले पुरुषच आठवतात.

आता गोळी. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिये गावात टायफॉईडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते. मार्सेल जाँबाँ नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे रुग्ण टायफॉईडनं नाही, तर साखर उतरल्यानं कोसळत आहेत. काही जण दगावले. त्यांचे सहकारी ओग्युस्त लुबातिएर यांनी शोध घेतला आणि कळलं की हे औषध स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं. एका औषधाचा अपाय हाच दुसऱ्या आजाराचा उपाय ठरला. त्यातून डायबेटिसच्या गोळ्यांचं एक अख्खं घराणं जन्माला आलं आणि लाखो लोक त्या घेऊ लागले. पण गोळी नेमकी कुठे बसते हे कळायला १९८५ साल उजाडलं. ती बसते पोटॅशियमच्या याच दारावर.

हे दार आठ तुकड्यांचं आहे. मध्ये चार तुकडे, त्यांच्यामधून पोटॅशियम जातं आणि एटीपी त्यांनाच चिकटतो. भोवती चार राखणदार, ते एडीपी पाहून दार उघडं ठेवायला लावतात. गोळी जाऊन राखणदारालाच धरते आणि दार लावायला लावते. नीट ऐका सख्यांनो, आजचा सगळा मुद्दा इथे आहे. एटीपी दार लावतो तेव्हा त्यामागे साखर असते. गोळी दार लावते तेव्हा ती साखर विचारत नाही. पेटी रिकामी असली तरी ती खजिनदाराचा हात धरून सही घेते. पोटात अन्न नसलं तरी इन्सुलिन सुटत राहतं, रक्तातली उरलीसुरली साखर आणखी उतरते, आणि साखरेवाचून सगळ्यात आधी मेंदू अडतो.

आमच्या एका गटातल्या ताई, वय पन्नाशीच्या पुढे. मागच्या हरतालिकेला त्यांनी सकाळी घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली, कारण गोळी चुकवायची नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. उपास मात्र निर्जळी. दुपारी दरदरून घाम, हात थरथरायला लागले, मग असंबद्ध बोलणं. जमलेल्या बायकांपैकी कुणी म्हणालं उपास लागला, कुणी म्हणालं अंगात आलं. सुनेनं मात्र शेजारच्या घरातून शुगरचं मशीन आणलं. आकडा आला ४२. तिनं साखरेचं पाणी पाजलं, दहा-पंधरा मिनिटांत ताई भानावर आल्या. सगळ्यांना वाटलं झालं. संध्याकाळी पुन्हा तेच! तेव्हा रुग्णालयात न्यावं लागलं आणि रात्रभर सलाईन लावून ठेवलं. पुन्हा का झालं, हे आता तुम्हीच सांगाल. साखरेचं पाणी तासाभरात संपलं, गोळी मात्र अजून दारावर बसून होती. यातल्या काही गोळ्यांचा अंमल चोवीस तास टिकतो. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहूनही लांबू शकतो.

तेव्हा पट्टीवर पाहायचं काय? मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, बारीक अक्षरातलं औषधाचं नाव बघा. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिपिझाईड, ग्लिबेनक्लामाईड. 'ग्लि'नं सुरू होणारी ही नावं दार लावणाऱ्या घराण्यातली. मेटफॉर्मिन या घराण्यातली नाही, ती दाराला हात लावत नाही आणि एकटी असेल तर शुगर सहसा धोक्याइतकी उतरवत नाही. पण आपल्याकडे दोन्ही एकाच गोळीत फार वेळा असतात, म्हणून सगळी नावं वाचायची. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांना तर धोका आहेच, तिथे दाराचा प्रश्नच नाही, इन्सुलिन थेट रक्तात जातं.

मग उपासाला गोळी आपल्या मनानं बंद करायची का? नाही. दोन दिवस गोळी सोडून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू खाल्ले तर शुगर आभाळाला जाते. ज्या उपासाला भरपेट फराळ असतो त्याचा हिशेब वेगळा आणि निर्जळीचा वेगळा. उपासाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांकडे जायचं, उपास कसा करणार ते खरं सांगायचं आणि गोळी किती, कधी, का बदलायची, हे त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. निर्जळी करूच नका असं ते म्हणाले तर माझं मत विचाराल तर ऐकावं. आजारी बाईनं फळ, दूध घेऊन उपास केला तर देव रागावत नाही, असं मला आजीनं सांगितलं होतं आणि ती कुणाहून कमी धार्मिक नव्हती.

आणि तरीही घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधार असं झालं तर उपास तिथेच सोडायचा. मशीनवर ७० च्या खाली असेल, किंवा मशीनच नसेल, तरी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा साखर, आणि सावरल्यावर काहीतरी खायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. 'ग्लि'वाली गोळी असेल तर बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना दाखवा, पट्टी सोबत घेऊन.

या दाराची एक दुसरी गोष्टही सांगते, ती आनंदाची आहे. काही बाळांना जन्मल्यापासून पहिल्या सहा महिन्यांतच डायबेटिस होतो. असं बाळ क्वचितच असतं, पण असतं. पूर्वी सगळ्यांना वाटायचं की यांना जन्मभर इन्सुलिन टोचावं लागणार. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या अँड्र्यू हॅटर्स्ली आणि त्यांच्या गटाला आढळलं की यातल्या बऱ्याच बाळांच्या या दाराच्या जनुकात चूक आहे. इन्सुलिन त्यांच्याकडे भरपूर तयार असतं, पण दार एटीपीचं ऐकत नाही, उघडंच राहतं, म्हणून पुड्या सुटत नाहीत. मग विचार आला, एटीपीचं ऐकत नसेल, पण गोळीचं ऐकेल का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ जणांना ही जुनी स्वस्त गोळी दिली. ४४ जणांची इंजेक्शनं सुटली. ज्या गोळीची इतका वेळ भीती घातली, तीच इथे एका आईची रोजची सुई थांबवते. आपल्या देशातही अशी बाळं सापडली आहेत, चेन्नईत त्यांच्या जनुकांच्या तपासणीचं काम झालं आहे. म्हणून तुमच्या ओळखीत सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डायबेटिस निघाला तर आईबापांना एवढंच सांगा, जनुकाची तपासणी करायची का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. मात्र इंजेक्शन आपल्या मनानं थांबवायचं नाही.

याच्या उलटही होतं. काही बाळांचं दार उघडतच नाही, इन्सुलिन वाहतच राहतं आणि शुगर सारखी उतरते. त्यांच्यासाठी डायझॉक्साईड नावाचं औषध आहे, ते दार उघडं धरतं. सगळ्यांना लागू पडत नाही, कारण काही बाळांच्या पेशींत उघडायला दारच तयार झालेलं नसतं.

जाता जाता एक. परवा एकीनं विचारलं, केळी खाऊन ही दारं सुधारतात का? नाही. खाल्लेलं जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंड लघवीवाटे काढून टाकतं आणि रक्तातलं प्रमाण ठरलेल्या हद्दीत ठेवतं. मूत्रपिंड बिघडलं असेल तर मात्र ते रक्तात साठतं आणि थेट हृदयाच्या ठोक्यावर बेततं. बाजारात कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं, त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियमच घातलेलं असतं. किडनीचा आजार असेल, किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. बीपीच्या काही गोळ्या रक्तातलं पोटॅशियम वाढवतात.

या महिन्याच्या बैठकीला पासबुकाबरोबर आपल्या गोळ्यांची रिकामी पट्टी आणा. सासू-सासऱ्यांची असेल तर तीही. बारीक अक्षर ज्यांना दिसत नाही त्यांना मी नाव वाचून देईन आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देईन. गोळी किती घ्यायची हे मात्र मी सांगणार नाही. तो कागद घेऊन हरतालिकेच्या आत दवाखान्यात जायचं आहे.